केरसुणीचं गवत

म्हाताऱ्या पाइनखालचा मुक्काम
रविवार, १८ सप्टेंबर १९९४

प्रिय निन्फा,

काल सगळ्यांत आधी आली ती वनखात्याची बाई. माझी कॉफी अजून उकळलीसुद्धा नव्हती. तिच्या मागून पात्रोसिन्योच्या तीन गाई, आणि गाईंच्या मागून पात्रोसिन्यो स्वतः, गाई हरवल्या म्हणून ओरडत. गाई त्याच्या नाकासमोर उभ्या! मी म्हटलं, "अरे, तुझा चष्मा हरवलाय, गाई नाही हरवल्या." तर माझ्यावरच डाफरला, म्हणे तुझ्या कुत्र्यानं उधळल्या. आमचा कनेलो! त्याला स्वतःची शेपूट उधळवत नाही आता.

तर मी गुरुवारीच इथं आले. एकटीच. एलॉयची पिकअप मीच चालवत आणली. सालोमोन म्हणाला, "आई, चौऱ्याहत्तरावं लागलं तुला, कच्चा रस्ता आहे, मी सोडतो." म्हटलं, तू जन्मायच्या आधीपासून हा रस्ता मला ओळखतो. निन्फा, तुझा भाऊ गेल्यापासून आठ हिवाळे झाले, पण गाडी अजून त्याच्याच सवयीनं चालते बघ, चढावर दुसऱ्या गिअरला नखरे करते नि उतारावर गाणं म्हणते.

निन्फा, या वर्षी चिलगोजे आलेत! पाच वर्षांनी. झाडं वाकलीत नुसती. अजून थंडीचा तडाखा बसायचाय, मग शंकू उघडतील. पण मी आपली जागा धरायला आधी आले. सरकारी जंगलात चौदा दिवस राहायची मुभा आहे, मग उठायचं, हे तुला माहीतच आहे. पाणी घरून चार कॅन आणलंय. परसाकडचा खड्डा सत्तर पावलांवर खणला. खणताना कंबर बोलली, मी ऐकलं नाही.

हां, त्या बाईचं सांगत होते. कोरिन टाफोया तिचं नाव. चाळिशीची असेल, हिरवी पँट, केसांची वेणी, हसरी. कालच्या शनिवारी सकाळी आली आणि लांब पट्टी काढून माझं अंगण मोजायला लागली! पाइनच्या बुंध्यापासून चुलीपर्यंत, चुलीपासून पडक्या खोडापर्यंत, मग आडवं. फोटो काढले, वहीत लिहिलं. मी आदल्या दिवशीच पाणी शिंपडून झाडून काढलं होतं, एक सुई पडलेली नव्हती पाइनची. ती म्हणाली, "आजी, किती स्वच्छ ठेवलंय हो!" मी म्हटलं, "घरचं अंगण तसंच इथलं." मला तर वाटतं निन्फा, खात्याचं काही बक्षीस असणार. सगळ्यांत स्वच्छ मुक्कामाला. नाहीतर मोजायचं कशाला?

तिनं विचारलं, इथं किती लोक येतात? मी म्हटलं, अगं, अख्खं बायेसितो गाव येतं! शनिवारी तीस-तीस पानं उठतात इथं. (आता नऊ येतात, पण एलॉय होता तेव्हा तीस यायचेच की. ते थोडंच खोटं आहे?) तिनं तेही लिहून घेतलं. मी तिला बीन्स आणि भाजलेली हिरवी मिरची खायला घातली. दोनदा घेतली तिनं. डोळ्यांतून पाणी, तरी घेतली.

एकच खंत. केरसुणीचं गवत आता इथं मिळत नाही. पूर्वी चुलीवरून हात लांब केला की मूठभर यायचं. दर वर्षी थोडं लांब जातंय ते. या वेळी तुझ्या बाबांच्या जुन्या कुरणापर्यंत चालत गेले, अर्धा दिवस गेला. गवतालासुद्धा तुझ्यासारखं गाव सोडून शहरात जावंसं वाटतंय की काय. नवी केरसुणी बांधून टांगलीय, बी झाडायचं राहिलंय अजून. जुनीवरच भागवतेय.

आणि मुख्य राहिलंच! आपल्या सालोमोनची देल्फिना पोटुशी आहे. जानेवारीत. माझी पहिली पणती किंवा पणतू. म्हणजे पुढच्या शरदात त्या बाळाला या झाडाखाली आणायचं नि पहिला चिलगोजा चावून त्याच्या जिभेवर ठेवायचा, जसा तुझ्या बाबांनी तुझ्या जिभेवर ठेवला होता, मी सालोमोनच्या ठेवला, देल्फिनाच्या ठेवला. दात टिकायला हवेत माझे तोवर. तीनच आहेत चावणारे.

तू कधी येतेस? सहा वर्षं "येते येते" चाललंय तुझं. गुडघा कसा आहे?

तुझी
युफेलिया


पुएब्लो
२२ सप्टेंबर

वहिनी,

पत्र मिळालं. देल्फिनाला माझे आशीर्वाद सांग. तीन दात जपून ठेव, बाळाच्या कामाचे आहेत.

गुडघा बरा आहे. त्याचं पुराण नको.

आता नीट ऐक. बक्षीस द्यायला कोणी पट्टी घेऊन येत नसतं. बक्षीस द्यायला येतात ते हात हलवत येतात नि फोटो तुझा काढतात, जमिनीचा नाही. बाबांच्या कुरणात मी नऊ वर्षांची असताना असाच एक माणूस पट्टी घेऊन आला होता. आईनं त्याला अंडी खायला घातली. पुढच्या वसंतात तिथं तारेचं कुंपण. आई मरेपर्यंत त्या अंड्यांबद्दल हळहळत होती.

आणि तीस पानं? वहिनी, तुझ्या या फुशारकीनंच एक दिवस घात होणार. लग्नात तू माझ्या आईला सांगितलं होतंस की तुझ्या माहेरी दोनशे मेंढ्या आहेत. मी मोजल्या होत्या. चौतीस.

त्या बाईला सरळ विचार, मोजते आहेस कशासाठी. बीन्स नंतर घाल.

निन्फा


म्हाताऱ्या पाइनखालून
मंगळवार, २७ सप्टेंबर

प्रिय निन्फा,

तुझ्या जिभेवर काळा तीळ आहे की काय ग? शनिवारी कोरिन परत आली, हातात कागद. या वेळी हसत नव्हती. मी म्हटलं, "बाई, माझं तिसरीपर्यंतच शिक्षण, तूच वाच." तिनं वाचलं. जास्त वापरामुळे इथली जमीन उघडी पडलीय. आठ वर्षांपूर्वी जेवढी उघडी होती त्याच्या चौपट झालीय. म्हणून एक नोव्हेंबरला वाटेच्या तोंडाशी मोठमोठे दगड आणून टाकणार आणि ही जागा मुक्कामाला बंद. किती वर्षं? तर म्हणे गवत परत येईपर्यंत. दहा, पंधरा.

दहा-पंधरा! मी तेव्हा नव्वदीची. ते बाळ मिशा फुटून हिंडत असेल.

मी म्हटलं, "तुझी ती वही चुकली असेल." ती म्हणाली, "आजी, तुम्हीच सांगितलं, शनिवारी तीस माणसं येतात." निन्फा, तुझ्या चौतीस मेंढ्या माझ्या डोळ्यांपुढून एकामागून एक गेल्या. मी कबूल केलं, नऊ येतात. त्यातलं एक तान्हं. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की आता मी खरं सांगितलं तरी तिला ते खोटं वाटत होतं. तिचंही चूक नाही.

पण कागदात एक फट आहे. एकवीस ऑक्टोबरपर्यंत कोणाला काही म्हणायचं असेल तर कचेरीत येऊन म्हणावं, साहेब ऐकतील. मी विचारलं, "कोणीही? तिसरी पास असला तरी?" म्हणाली, कोणीही.

तर मी ठरवलंय. ही जागा मी जाऊ देणार नाही. नवरी म्हणून पहिल्यांदा इथं आले तेव्हा तुझ्या बाबांनी मला त्या पडक्या खोडावर बसवून कॉफी दिली होती, घरात नव्हती दिली कोणी तोवर. एक्केचाळीस शरद झाले. जे चुकीचं आहे ते मी चुकीचं आहे म्हणून दाखवणार, तेही पुराव्यासकट.

पुरावा कसा, ते ऐक. कॉफीचा रिकामा डबा घेतलाय. रस्त्यावरून वळून इथं जो कोणी येईल त्याच्या नावानं एक चिलगोजा डब्यात. माणशी एक. शनिवारपासून रस्त्याकडे तोंड करून खुर्ची टाकून बसलेय. आज मंगळवार. डब्यात अकरा. त्यातले नऊ आपलेच, शनिवारचे. दहावी एक मुलगी, सायकलवर, पाणी मागायला थांबली. तिनं मला विचारलं, "तुम्हाला भीती नाही वाटत एकटं?" म्हटलं, वाटते ना, दगडांची. तिला कळलं नाही. अकरावा पात्रोसिन्यो. गाई धरत नाहीये मी.

म्हणजे बघ, गर्दी नाहीच! कोणीतरी दुसरंच काहीतरी करतंय. मला तर गाईंचा संशय आहे, पण गाई खालच्या ओढ्याकडेच असतात.

आणि आता मी दिवसातून दोनदा झाडते, सकाळी नि संध्याकाळी. कडेपर्यंत. झुडपांच्या खालूनसुद्धा. साहेब बघायला आले तर त्यांना कळलं पाहिजे की इथं राहणारी माणसं घाणेरडी नाहीत. चुलीतली राख पाणी ओतून, ढवळून, हाताच्या पाठीनं चाचपून बघते, थंडगार, एलॉय करायचा तशी. कागदाचा कपटा नाही. तू असतीस तर म्हणाली असतीस, वहिनी, इथं चर्चची पूजा लावायची आहे का.

परवा चौदा दिवस संपतात. नियम तो नियम, मी उठेन. हे पत्र त्या सायकलवालीच्या हाती देतेय, ती खाली जाणार आहे.

तू सांग, साहेबापुढे काय बोलू? तू बोलण्यात हुशार. डबा तर नेईनच.

तुझी
युफेलिया


पुएब्लो
३ ऑक्टोबर

वहिनी,

तीन वेळा वाचलं तुझं पत्र. पहिल्यांदा रडू आलं. दुसऱ्यांदा राग आला. तिसऱ्यांदा इतकी हसले की माझा मुलगा बघायला आला, आईला काय झालं.

त्या डब्यात तुझा चिलगोजा कुठे आहे?

पात्रोसिन्योचा टाकलास, सायकलवालीचा टाकलास, तान्ह्याचा टाकलास. जी चौदा दिवस तिथं राहते, सकाळ-संध्याकाळ हातात केरसुणी घेऊन कडेपर्यंत जाते, झुडपांखालून ओरबाडते, तिचा कुठे आहे?

वहिनी, ते तू केलंस. केरसुणीनं.

अंगण झाडायचं, हे आपल्या बायकांच्या हाडात आहे, मला माहीत आहे. माझी आई तर कोंबडी चालून गेली की तिच्यामागून झाडायची. पण घरचं अंगण वेगळं. तिथं तू पाइनच्या सुया झाडतेस, सुयांबरोबर माती जाते, मातीबरोबर बी. गवत उगवणार कशातून? दर वर्षी एक हात पुढे जातेस, कारण कडेचा कचरा तुला बघवत नाही. आणि मग लिहितेस, केरसुणीचं गवत लांब गेलं. गवत कुठेही गेलेलं नाही. तूच त्याच्या मागं लागलीयस.

एलॉय तुझी केरसुणी लपवायचा. तुला कळलं होतं का कधी? मुक्कामाला पोचलं की पहिलं काम ते, गाडीच्या सीटमागं सारायचा. मला म्हणायचा, "निन्फा, बोलू नकोस हं. जंगलानं अंथरूण घातलंय, ही ते गुंडाळून ठेवते." तू दोन दिवस शोधायचीस, मग चिलगोजे वेचायच्या नादात विसरायचीस. तो गेल्यावर लपवणारं कोणी राहिलं नाही. आठ वर्षं. चौपट.

तू विचारशील, मला माहीत होतं तर बोलले का नाही. मी शेवटची आले होते तेव्हा बघितलं होतं. पण त्या वर्षी तू झाडायला लागलीस की तासभर थांबायचीच नाहीस, आणि तुझ्या हातातून ती काढून घ्यायची छाती मला झाली नाही.

साहेबापुढे काय बोलायचं, ते तुझं तू ठरव.

निन्फा


बायेसितो
७ ऑक्टोबर

निन्फा,

पत्र पोचलं.

एक्केचाळीस वर्षं मी तुमच्या घराण्याचं अंगण झाडलं. आता ते पाप झालं. बरं.

चिलगोज्यांची एक पिशवी सालोमोनबरोबर पाठवतेय. आधी कबूल केली होती म्हणून.

युफेलिया


पुएब्लो
१५ ऑक्टोबर

वहिनी,

पिशवी मिळाली. चिलगोजे भाजलेले नाहीत. तू मला कच्चे कधी पाठवत नाहीस, म्हणजे फारच रागावलीयस.

आठवडा झाला, दुसरं पत्र नाही. पोस्टमनची गाडी दिसली की मी खिडकीशी जाते. जाते म्हणजे, दोन काठ्यांवर जाते. घे, आता सांगते. ऑगस्टमध्ये माझा गुडघा कापून नवा घातला. तुला लिहिलं नाही, कारण तू पिकअप घेऊन निघाली असतीस नि इथं येऊन माझी जमीन पुसत बसली असतीस. बघ, पुन्हा तेच बोलले.

मी लिहिलं त्यातला शब्द न् शब्द खरा आहे, पण ते लिहिताना मी हसायला नको होतं. तू म्हणतेस तुमच्या घराण्याचं अंगण. वहिनी, ते घराणं तूच सांभाळलंस. मी तर एकविसाव्या वर्षी इथं लॉन्ड्रीत कामाला पळाले. बाबांची ती जागा माझ्याकडे असती तर केव्हाच गेली असती.

एकवीस तारखेला सहा दिवस उरलेत. भांडण तेवीसला करू. आत्ता जा.

निन्फा


बायेसितो
रविवार, ३० ऑक्टोबर १९९४

प्रिय निन्फा,

गुडघा बदललास आणि मला सांगितलं नाहीस! दोन काठ्या! खिडकीशी उभी राहतेस आणि मी इथं तोंड फुगवून कच्चे चिलगोजे पाठवतेय! या पत्राबरोबर भाजलेली पिशवी आहे, मीठ लावून. आधी दोन खा, मग पुढचं वाच, कारण लांब आहे.

तुझं ते हसण्याचं पत्र आलं तेव्हा मी रागारागानं घरचं अंगण झाडलं. मग कोंबड्यांचं आवार. मग शेजारच्या विधवेचं अंगण, तिनं सांगितलं नव्हतं तरी. झाडत होते नि तुझ्याशी भांडत होते, मोठ्यानं. तिसऱ्या दिवशी म्हटलं, एकदा जाऊन डोळ्यांनी बघू आणि मग निन्फाला असं पत्र लिहू की तिची शाई वाळेल. गेले. एकटीच, कनेलोला घेऊन.

त्या पडक्या खोडावर बसले. तुझ्या बाबांनी मला बसवलं होतं तिथंच. माझं तोंड चुलीकडे. समोर जमीन अशी, की पोरींनी वर टिकरी खेळावी. मग कनेलो खोडामागं गेला नि दिसेनासा झाला. अख्खा कुत्रा! मी वळून बघितलं तर खोडामागं गुडघाभर गवत. केरसुणीचंच. तुरे आलेले. मला खोड ओलांडता येत नाही आता, म्हणून तिकडे केरसुणी गेलेली नाही. एकच खोड ग, अलीकडे काही नाही नि पलीकडे सगळं.

मी एक पाय अलीकडे नि एक पलीकडे टाकून बराच वेळ बसले. या वयात कशी बसले ते विचारू नकोस, उठताना फार हाल झाले.

मग पिकअपची सीट पुढे ओढली. तू लिहिलं होतंस ना, सीटमागं. तिथं एक केरसुणी निघाली, जुनीपुराणी, उंदरांनी अर्धी कुरतडलेली. त्याच्या शेवटच्या शरदातली. मी ती दोन दिवस शोधली होती, आठवतं मला. तो म्हणाला होता, "कोल्ह्यानं नेली असेल." आणि मी मान्य केलं होतं. कोल्ह्यानं!

आता साहेबापुढे बोलायचं काय? पहिला विचार वाईट आला, खरं सांगते. गाईंवर ढकलावं. पात्रोसिन्यो माझ्यावर डाफरला होताच. पण मग त्याचा चराईचा परवाना गेला असता, आणि त्या बाळाच्या जिभेवर चिलगोजा ठेवताना मला ते आठवलं असतं. सालोमोन म्हणाला, "आई, तू केलंस म्हणून सांगितलंस तर तुला जंगलात पाय ठेवू देणार नाहीत, दंड लावतील." म्हटलं, लावू देत. मी गप्प राहिले तर दगड येणारच आहेत. बोलले तर कदाचित येतील. 'च'पेक्षा 'कदाचित' बरं.

वीस तारखेला गेले कचेरीत. चर्चचा काळा पोशाख घातला. एका हातात डबा, दुसऱ्या हातात केरसुणी. दारातला पोरगा म्हणाला, "आजी, सफाईला बाई आहे आमच्याकडे." मी म्हटलं, "ही सफाईची नाही, पुराव्याची आहे."

साहेब म्हणजे उंच, पांढऱ्या मिशा, टेक्सासकडचा असावा, शब्द चघळून बोलतो. कोरिन शेजारी वही घेऊन. मी डबा टेबलावर ओतला. म्हटलं, "हे अकरा जण. यांच्यातल्या कोणीही तुमची जमीन उघडी केलेली नाही." मग खिशातून एक चिलगोजा काढून बाजूला ठेवला. "ही मी. मी केली." आणि केरसुणी टेबलावर ठेवली.

साहेबाला काही कळलं नाही. म्हणाला, "झाडून? जंगल? कशासाठी?"

मी म्हटलं, "स्वच्छ दिसावं म्हणून."

तो म्हणाला, "माती स्वच्छ दिसावी म्हणून?"

निन्फा, असं त्याच्या तोंडून ऐकल्यावर मलासुद्धा जरा वेड्यासारखं वाटलं. पण कोरिननं कपाळावर हात मारला. "पाणी शिंपडून?" मला विचारते. म्हटलं, पाणी शिंपडून. "आधी सडा, मग आडवं, मग उभं?" म्हटलं, तू कुठे शिकलीस? म्हणाली, "माझी आजी! ट्रुचासकडची. अंगणावर आमची पावलं दिसली की मारायची. मी सहा वर्षांची असल्यापासून झाडलंय ते! आणि मी इथं महिनाभर डोकं खाजवतेय, की चाकाच्या खुणा नाहीत, कचरा नाही, पायवाटा नाहीत, मग जमीन उघडी पडते कशी!" आणि तिनं वही उघडून साहेबाला आकडे दाखवले. शहाऐंशी साली नऊ पावलं. नव्वद साली बावीस. या वर्षी सदतीस. साहेब म्हणाला, "शहाऐंशीनंतर काय झालं?"

मी म्हटलं, "नवरा गेला. तो केरसुणी लपवायचा."

साहेब टेबलावरचा एक चिलगोजा उचलून दातांनी फोडून खात बसला. तो पुरावा आहे म्हणायला मी तोंड उघडलं होतं, पण म्हटलं जाऊ दे, पात्रोसिन्योचा असेल.

शेवटी असं ठरलं. दगड या नोव्हेंबरला येणार नाहीत. सुया परत पसरायच्या, फांद्या टाकायच्या, बी पेरायचं. जूनमध्ये मोजायचं. जमीन भरायला लागलेली दिसली तर जागा खुली. नाहीतर जुलैत दगड, आणि मग कोणाचं काही ऐकणार नाहीत. मुक्काम टाकायचा तो रस्त्याच्या कडेच्या त्या नऊ पावलांतच, जेवढा एलॉयच्या वेळी होता. दंड नाही. साहेब म्हणाला, "एकच अट, आजी. ती वस्तू गावातच राहील." मी म्हटलं, "साहेब, घरचं अंगण?" म्हणाला, "तिथं माझी हुकमत नाही, आणि असती तरी हिंमत नाही." मिशीतून हसतो तो. वाईट नाही माणूस.

तर काल शनिवारी सगळे जमले. सगळ्यांत आधी कोण आलं असेल? पात्रोसिन्योच्या गाई! मग तो, मग सालोमोन पोरांना घेऊन, देल्फिना पोटावर हात ठेवून, मग कोरिन आणि तिची दोन माणसं, दंताळी आणि फांद्यांनी भरलेला ट्रक घेऊन. पात्रोसिन्योला मी सगळ्यांसमोर सांगितलं की साहेबापुढे मी तुझ्या गाई वाचवल्या. तर म्हणतो, "म्हणजे मनात आलं होतं तुझ्या!" कसा माणूस आहे बघ. पण दिवसभर दंताळं ओढलं त्यानं, चष्मा लावून.

इतकी वर्षं झाडून कडेला जे ढीग लावले होते, तेच ओढून परत आत पसरायचे. मी केलेलं सगळं उलटं. पहिल्या खेपेला हात आखडले माझे, खोटं कशाला बोलू. सुई पडली की वाकायची सवय. देल्फिना म्हणाली, "आजी, तू खुर्चीवर बस नि डोळे मिट." म्हटलं, नाही, डोळे उघडे ठेवूनच करणार.

शेवटी बी. कोरिननं एक पिशवी आणली होती, पण मूठभरच. म्हणाली, हे इथलं गवत, बाहेरचं टाकायचं नाही, आणि इथलं बी फार मिळत नाही. तेव्हा मला माझी नवी केरसुणी आठवली. तुझ्या बाबांच्या कुरणातल्या गवताची, तुरे न झाडलेली, पिकअपमध्ये टांगून राहिलेली. साहेबाला जी दाखवली ती जुनी. ही नवी तशीच. मी कोरिनला विचारलं, "हे चालेल?" तिनं तुरा तळहातावर चोळला, फुंकर मारली, आणि म्हणाली, "आजी, हेच तर!"

गाठ मी घट्ट मारते, तुला माहीत आहे. नखानं सुटेना. दातांनी सोडवली, त्या तीन दातांतल्याच एकानं. मग काडी काडी मोकळी केली, पोरांच्या हातात मूठ मूठ दिली, आणि सगळ्यांनी चालत चालत झटकली, पाइनपासून खोडापर्यंत. देल्फिनानंही. कनेलो मागून हुंगत. माझी शेवटची मूठ मी चुलीपाशी टाकली, जिथनं पूर्वी हात लांब केला की गवत मिळायचं.

तू भांडण तेवीसला करू म्हणाली होतीस. तेवीस उलटून गेली. आता तुझा नवा गुडघा चालायला शिकव. मी दर रविवारी वर जाऊन बघणार आहे, बर्फ पडला तरी, फक्त बघणार, हात खिशात घालून. बोटं एकत्र राहतील असे हातमोजे विणायला घेतलेत त्यासाठी.

कोरिन आणि तिची माणसं परत येणार आहेत ते शुक्रवारी, सोळा जून, सकाळी दहा वाजता, पट्टी घेऊन. मी दिनदर्शिका अजून आणलेली नाही पंच्याण्णवची, म्हणून तारीख पिकअपच्या आरशामागं खडूनं लिहून ठेवलीय. देल्फिनाचं बाळ तेव्हा पाच महिन्यांचं असेल. तू पंधराला ये.

तुझी
युफेलिया